मुलीला किती जणांना सांगायला लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या धायरीतल्या एक बाई घरीच चित्रकलेचा क्लास घेतात. मागच्या गुरुवारी क्लास सुटला, बाकीची मुलं गेली, आणि आठ वर्षांची एक मुलगी दारात सँडलचा बंद लावत, काढत, पुन्हा लावत बसली. मग म्हणाली, "टीचर, मी अजून थोडा वेळ थांबू? घरी काका आहेत. ते गुदगुल्या करतात, मला नाही आवडत. आणि कुणाला सांगितलं तर मम्मीला आणि मला घरातून काढतील म्हणाले." वडील नोकरीसाठी बाहेरगावी, फ्लॅट काकांच्या नावावर, आई अबोल. बाईंच्या डोळ्याला डोळा नाही. त्यांचे मिस्टर म्हणतात, "त्यांच्या घरातली गोष्ट आहे, आपण कशाला मध्ये पडायचं? आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं." बाई विचारतायत: खात्री कशी करून घेऊ? आधी आईशी बोलू का? आणि माझ्यासारख्या साध्या क्लासवालीवर कायद्याने काही जबाबदारी येते का?

ताई, खात्री करून घेऊ नका. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात धास्ती वाटली ती याच शब्दाची. चांगल्या मनाची माणसं इथेच चुकतात. मुलीला परत बोलावून "नक्की काय करतात गं?", "इथे हात लावतात का?", "किती वेळा?" असं विचारतात, कुणी मोबाईलवर रेकॉर्ड करतं, कुणी मैत्रिणीला बोलावून तिच्यासमोर पुन्हा वदवून घेतं. आठ वर्षांचं मूल मोठ्यांना हवं ते उत्तर द्यायला शिकलेलं असतं, शाळेत तेच तर शिकवतो आपण. तुम्ही प्रश्नात जो शब्द घालाल तो उद्या तिच्या जबाबात येईल आणि दोन वर्षांनी आरोपीचा वकील विचारेल, "हे तुला टीचरनेच सांगायला सांगितलं ना?"

ती बोलली ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. "गुदगुल्या" म्हणाली असेल तर "गुदगुल्या"च लिहा, तुम्हाला त्याचा जो अर्थ वाटतो तो नको. तारीख, साधारण वेळ, तेव्हा आसपास कोण होतं, ती काय करत होती. सँडलच्या बंदाचं तुम्ही आम्हाला लिहिलंत, ते वहीतही लिहा. खाली सही करा आणि वही बंद करा. तुमचा तपास तिथे संपला.

गुदगुल्या म्हणजे खरोखरच नुसत्या गुदगुल्या असू शकतात का? असू शकतात. पण नुसत्या गुदगुल्या करणारा काका "सांगितलंस तर घरातून काढेन" असं म्हणत नाही. अशा मुलांच्या केसेसमध्ये इतक्या वर्षांत मी स्पर्शापेक्षा त्या पुढच्या वाक्याकडे जास्त लक्ष द्यायला शिकले. गुपित, धमकी, खाऊचं आमिष, "तू माझी लाडकी ना", यातलं काहीतरी सोबत असलं की माझे कान उभे राहतात.

आता कायदा. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. त्याचं कलम १९ "कोणतीही व्यक्ती" या शब्दांनी माणसं धरतं. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, क्लासवाली, सगळे त्यात आले. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची शक्यता वाटली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. पुरावा आणा असं त्यात कुठेही नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसला तर वर्षापर्यंत. मिस्टरांना जी भीती वाटते तिचंही उत्तर याच कायद्यात आहे: सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कसलीही दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे, पण ती कुणाला बदनाम करायला, पैसे उकळायला किंवा धमकवायला जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याला. मुलाने खोटं सांगितलं तरी मुलाला शिक्षा नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं की माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला.

"घरातली गोष्ट" या शब्दांवर मात्र मला जरा थांबायचंय. मिस्टरांवर राग नाही. हे वाक्य पुण्याच्या हवेत सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आहे. १८९० च्या सुमारास बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. तेव्हाच्या कायद्यात संमतीचं वय दहा होतं, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हाच होईना. सरकारने ते वय दहाचं बारा करायचं ठरवलं आणि पुण्यात रणकंदन माजलं. परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात कायद्याने हात घालू नये, असं टिळक केसरीतून लिहीत होते. आगरकर सुधारकातून कायद्याच्या बाजूने लढत होते. १८९१ मध्ये कायदा झाला. टिळकांच्या स्वराज्याच्या युक्तिवादात वजन होतं हे मी मानते, पण त्या सगळ्या गदारोळात त्या वयाच्या एकाही मुलीला कुणी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी याच शहरात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल मारू नये. तीही "घरातली गोष्ट"च होती, आणि ती घराबाहेर काढायला त्यांना स्वतःचं घर उघडावं लागलं.

संमतीचं वय पुढे टप्प्याटप्प्याने वाढत पॉक्सोत अठरावर आलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या प्रेमप्रकरणांत त्याने होणारे घोळ मी रोज बघते, त्यावर माझी मतं आहेत, पण तुमची विद्यार्थिनी आठ वर्षांची आहे, तिच्या बाबतीत तो वाद उद्भवत नाही.

"आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं." होतं. त्याला कलम नव्हतं. १९२४ चा मुंबई बाल कायदा, नंतर १९४८ चा, हे रस्त्यावरच्या, भटक्या, बेवारस, चोरी करणाऱ्या मुलांसाठी. संरक्षण म्हणजे मूल उचलून संस्थेत ठेवणं. त्यातूनच पुणेरी आयांची धमकी आली, "रिमांड होमात टाकीन हं." सदाशिव पेठेतल्या वाड्यात किंवा कोथरूडच्या बंगल्यात वाढणारं मूल या कायद्यांच्या नजरेतच नव्हतं. भारतीय दंड विधानात बलात्काराची व्याख्या इतकी अरुंद की लहान मुलीच्या बाबतीत घडणारे बहुतेक प्रकार "विनयभंग" म्हणून ३५४ मध्ये जायचे, आणि ते कलम फक्त स्त्रियांसाठी. मुलगा असेल तर ३७७ लावता आलं तर आलं. अंगचटीला येणाऱ्या सरांविरुद्ध दहा वर्षांच्या मुलासाठी २०१२ पूर्वी नेमकं काय लावायचं, यावर आम्ही एकदा पोलीस ठाण्यात दुपारभर बसलो होतो. शेवटी साधी मारहाण लावली.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास आला. १३ राज्यं, त्यात महाराष्ट्रही, १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्या आकड्याचं: त्या मुलांमध्ये मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. पालकसभांमध्ये मी हा आकडा सांगते तेव्हा मागच्या रांगेतले बाबालोक हातातला मोबाईल खाली ठेवतात.

आता माझं मोजमाप सांगते. लोक या क्षेत्रातली प्रगती कायद्यांच्या संख्येने मोजतात, मी एकच गोष्ट मोजते: मुलाला तेच किती जणांना सांगावं लागतं.

१९९९ चा उन्हाळा. या कामात मी नवी होते. सात वर्षांची मुलगी, शेजारच्या आजोबांची तक्रार. चौकीतल्या लाकडी बाकावर ती बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. आधी हवालदारांनी विचारलं. मग साहेब आले, त्यांनी विचारलं. महिला पोलीस नाहीत म्हणून दुसऱ्या ठाण्यातून एकीला बोलावलं. तिने पुन्हा पहिल्यापासून. दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्याने रांगेतल्या सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालंय?" मग शिकाऊ डॉक्टर, मग मोठे डॉक्टर. असं करत तिच्या आईला धरून नऊ जण झाले. मी डायरीच्या मागच्या पानावर रेघा मारत होते. नवव्या माणसाच्या वेळी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, मी आधी चुकीचं सांगितलं का? सगळे परत परत का विचारतायत?" पुढे कोर्टात आरोपी तिच्यापासून चार हातांवर उभा होता. ती काहीच बोलली नाही. केस सुटली. डायरी अजून आहे माझ्याकडे.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षी या संस्थेच्या याचिकेवर सांगितलं की मुलाला आरोपी दिसू नये अशी पडद्याची व्यवस्था करा, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारा, मुलाला मध्ये पुरेशी विश्रांती द्या. पॉक्सोने याच्या पुढचं पाऊल टाकलं. जबाब मुलाच्या घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच, मुलाच्या विश्वासातलं माणूस शेजारी. २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. समिती "सपोर्ट पर्सन" नेमू शकते, म्हणजे पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत त्या घराशी बोलणारं एकच ओळखीचं माणूस. कोर्टात मुलाला वारंवार बोलवायचं नाही, त्याच्या चारित्र्यावर घसरायचं नाही, सुनावणी बंद दाराआड.

हे सगळं कागदावरच आहे असं म्हणायची फॅशन आहे, ते पूर्ण खरं नाही. २०१७ मध्ये माझ्याकडे अकरा वर्षांचा मुलगा आला, कॅम्पातल्या एका क्लासचं प्रकरण. महिला पोलीस अधिकारी पंजाबी ड्रेस घालून त्याच्या घरी गेल्या आणि पहिली वीस मिनिटं त्याच्या कॅरमबोर्डवर खेळल्या. हरल्यासुद्धा, मुद्दाम की खरोखर ते त्यांनाच ठाऊक. त्याला आईला धरून एकूण चार जणांना सांगावं लागलं. नऊवरून चार. पण त्याची कोर्टातली साक्ष व्हायला दोन वर्षं लागली, तेव्हा त्याचा आवाज फुटला होता. पॉक्सोचं कलम ३५ म्हणतं की कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात. हे मात्र खरंच बहुतांशी कागदावर आहे.

आणि मध्येच माणसं कायदा मागेही ओढतात. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यावरून छाती दाबणं हा पॉक्सोतला लैंगिक हल्ला नाही, कारण त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नाही, असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तो फिरवला. बघायचा तो हेतू, कापड नव्हे. मधले दहा महिने पालक मला विचारत होते, "मग आता कपड्यावरून चालतं का?"

मुलीच्या आईशी आधी बोलू का, या तुमच्या प्रश्नाकडे येते. साधारणपणे मी आईला सोबत घ्या असंच सांगते, कारण या सगळ्यातून मूल तगतं की नाही हे बरंचसं आई त्याच्यावर विश्वास ठेवते की नाही यावर असतं. पण तुमच्या बाबतीत क्रम बदला. ज्याच्यावर संशय आहे तो त्याच घरात आहे आणि छप्पर त्याचं आहे. तुम्ही आज संध्याकाळी आईला एकटीने सांगितलंत तर ती घाबरून दिराला विचारेल किंवा गप्प बसेल, आणि दोन्हीत रात्री ती मुलगी त्याच घरात असेल. एक तिसरीही शक्यता आहे: पुढच्या गुरुवारपासून क्लास बंद.

म्हणून आधी १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. दहा-नऊ-आठ, मुलांच्या लक्षात राहावा म्हणून असाच बोलायचा हा नंबर. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, आता राज्य सरकारमार्फत चालतो, जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्याच्या मागे असतो. फोन केल्यावर वहीत लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवा. "काका त्याच घरात राहतात" हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा. कॉलची तारीख, वेळ, काय सांगितलं गेलं ते त्याच वहीत लिहा. कायद्यात नाव पोलिसांचं आहे, तेव्हा त्याच दिवशी तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. एकटीने जायला बिचकत असाल तर बाल संरक्षण कक्षाला तसं सांगा, सोबत मिळते. आज रात्री काही घडतंय असं कळलं तर थेट ११२, तातडीच्या मदतीचा नंबर. आईशी बोलायचं ते या लोकांशी ठरवून, त्यांच्यातलं कुणी सोबत असताना.

त्या आईच्या पायाखालची जमीन फ्लॅटच्या कागदाची आहे, आणि काकाने ती बरोबर ओळखलीय. तिला कुणीतरी हे सांगायला हवं: कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १७ प्रमाणे ती ज्या सामायिक घरात राहते तिथून तिला कायदेशीर मार्गाशिवाय काढता येत नाही, घर तिच्या किंवा नवऱ्याच्या नावावर नसलं तरी. सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं हे मान्य केलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना आणि मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. राज्याची मनोधैर्य योजनाही आहे, अर्थसाहाय्य आणि समुपदेशनासाठी. कायद्याची कलमं पाठ म्हणून दाखवू नका तिला. "तुला कुणी बाहेर काढू शकत नाही" एवढं वाक्य खात्रीच्या माणसाकडून तिच्या कानावर पडलं तरी ती मुलीच्या बाजूने उभी राहायची शक्यता खूप वाढते. माझ्याकडे आलेल्या गप्प आयांपैकी मुलीवर विश्वास नसलेली फार थोडी होती. राहायचं कुठे हेच बहुतेकींना माहीत नव्हतं.

काही गोष्टी करू नका. सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता सूचकसुद्धा काही टाकू नका. मुलीची ओळख उघड होणं हाच गुन्हा ठरू शकतो, आणि धायरीत "आठ वर्षांची, बी विंग" एवढं पुरतं. काकाला जाब विचारू नका, मिस्टरांनाही विचारू देऊ नका. मुलीने महिन्याभरात "मी खोटं बोलले" म्हटलं तर चकित होऊ नका. घरचा दाब आला की मुलं शब्द मागे घेतात. तुम्ही कळवलेलं त्याने चुकीचं ठरत नाही, आणि तपास करणारे लोक हे जाणतात, निदान त्यांनी जाणावं.

तुमच्या क्लासबद्दलही एक. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ पासून, पुण्यातल्या शाळांनी कॅमेऱ्यांचा सपाटा लावला. लावावेत, हरकत नाही. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या आहेत, तक्रारपेट्या आहेत. पण कॅमेऱ्याला कॉरिडॉर दिसतो, काकाची खोली दिसत नाही, आणि मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीची, घरात ये-जा असलेली असतात. तुमच्या दारात ती मुलगी चपलेचा बंद काढत-लावत बसली, कारण क्लास सुटल्यावर मुलांना हाकलायची तुम्हाला घाई नसते. ती सवय मोडू नका. क्लासचं दार उघडं ठेवता का? ठेवत जा, तुमच्यासाठीही ते बरं.

तुम्ही तिला "कुणाला सांगणार नाही" असं वचन दिलंत का, ते लिहिलेलं नाही. दिलं असेल तर ते नीट सोडवावं लागेल, आणि ते एकदाच, दोन वाक्यांत: "तू मला सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही. मुलांना मदत करणं हे ज्यांचं काम आहे अशा एका माणसाला मी सांगितलंय." यापुढे ती विचारेल तेवढ्याचंच उत्तर.

फोन उद्यावर ढकलू नका. आणि गुरुवारी ती क्लासला आली तर तिला तिचा कागद आणि रंग द्या, बाकीच्यांसारखंच बसू द्या. काही विचारू नका. ती शेवटी थांबली तर तुम्ही ब्रश धुवायला घ्या आणि तिलाही एक धुवायला द्या.